दुसऱ्या दिवशी तुटणारे गळ

"मॅडम, हे मटेरियल खराब आहे असा रिपोर्ट पाहिजे," असं म्हणून सोनवण्यांनी एक प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

मी पिशवीला हात लावला नाही. सातपूरला माझी मटेरियल टेस्टिंगची लॅब आहे. कारखान्यांतून आलेला धातू तपासायचा आणि तो कसा आहे ते लिहून द्यायचं, एवढंच काम. रिपोर्टात काय यावं हे आधीच सांगणारा माणूस आला की मी सावध होते.

"खराब आहे की नाही ते तपासल्यावर कळेल. तुम्ही आधी हे काय आहे ते सांगा," मी म्हटलं.

पिशवीत मासे धरायचे गळ होते. पण एकेरी नाहीत. तीन गळ पाठीला पाठ लावून एका दांडीला जोडलेले, टोकं तीन दिशांना. याला ट्रेबल हूक म्हणतात. सोनवण्यांची अंबडला छोटी शेड आहे. तिथे ते लाकडाचे खोटे मासे बनवून अमेरिकेला पाठवतात. तिकडे बास नावाचा मासा पकडायचा लोकांना नाद आहे. हा खोटा मासा, म्हणजे ल्युअर, पाण्यावर तरंगतो. दोरीला झटके दिले की डावीउजवीकडे डोलत पुढे येतो. बासला वाटतं काहीतरी जखमी होऊन तडफडतंय. तो खालून झडप घालतो आणि ल्युअरच्या पोटाखालच्या गळात अडकतो.

गळ निवडताना सगळं वजनावर असतं. तो थोडा जड झाला तरी ल्युअरची शेपटी बुडते आणि डोलणं थांबतं. गळ हलका ठेवायचा तर तार बारीक घ्यावी लागते. आणि बारीक तार माशाच्या ओढीने उघडू नये म्हणून ती फार कडक असावी लागते. सोनवण्यांच्या जुन्या सप्लायरने हा साइज बनवणं बंद केलं, तेव्हा बदली गळ शोधायचं काम त्यांनी मेहुण्याला दिलं. मेहुण्याने कोलकात्याचा एक ट्रेडर शोधला. शेडमधल्या ड्रममध्ये ल्युअर तरंगवून पाहिले. वजन जमलं, माल आला, लॉट अमेरिकेला गेला. तिथे गळ तुटले. वाकले असते तर तार मऊ निघाली म्हणता आलं असतं. हे काडीसारखे तुटले.

"संदीपने कमिशन खाल्लंय. मला खात्री आहे," सोनवणे म्हणाले.

संदीप म्हणजे हा मेहुणा. चांदवडचा, तिशीतला. बहिणीच्या घरीच राहायचा आणि शेडमधली खरेदी बघायचा. सोनवण्यांकडे पुरावा म्हणून त्याचा नवा मोबाइल होता आणि ट्रेडरशी तो "हसून हसून" बोलतो ही तक्रार. एवढ्यावर त्यांनी सासऱ्यांना फोन करून सांगूनही टाकलं होतं, तुमच्या मुलाने घरातच हात मारला. मनमाडच्या एका मुलीशी संदीपचं लग्न ठरत आलं होतं. ते लोक आता थांबू म्हणत होते. सोनवण्यांची बायको नवऱ्याशी बोलत नव्हती. माझा रिपोर्ट आला की संदीपला शेडमधून आणि घरातून काढायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

म्हणजे शिक्का माझा आणि चोर त्यांनी आधीच निवडलेला. मला ते आवडलं नाही. पण संदीप साधा असेल, असंही मी धरून चालले नाही. खरेदीवर बसलेला माणूस आणि अचानक बदललेला सप्लायर, ही जोडी मी बऱ्याचदा पाहिली आहे.

पहिली तपासणी सरळ होती. तारेचं केमिकल, कडकपणा आणि ओढून पाहणं. माझी टेक्निशियन वैशाली हिने गळ मशीनमध्ये अडकवून एकेक करून ओढले. सगळे पास. तार चांगली, कडकपणा हवा तेवढा, ताकद ठरलेल्या आकड्याच्या वर.

सोनवण्यांना मी फोनवर हे सांगितलं. मग ते म्हणाले, "मॅडम, संदीप तुमच्याकडे येऊन गेला का?"

"तुमचे मेहुणे मी पाहिलेलेसुद्धा नाहीत."

"नाही, सहज विचारलं."

सहज कोणी असं विचारत नाही. मी त्यांना म्हटलं, आता शंका घ्यायचीच आहे तर नीट घेऊ. माझी पहिली शंका तुम्ही आणलेल्या सॅम्पलवर आहे. क्लायंटने हाताने आणलेलं सॅम्पल म्हणजे स्थळाला पाठवलेला फोटो, त्यात सगळे गोरे असतात. त्यामुळे दोन गोष्टी पाहिजेत. एक, कोलकात्याहून सीलबंद पाकीट थेट लॅबला कुरिअरने यायला हवं. मध्ये संदीपही नको आणि तुम्हीही नको. दोन, अमेरिकेत पाठवायला तयार असलेले ल्युअर गळांसकट. गळ आम्ही आमच्या हाताने काढू.

ते थोडे दुखावले. पण दोन्ही आलं. सोबत त्यांनी अमेरिकन गिऱ्हाइकाने पाठवलेला एक व्हिडिओही दिला. त्या व्हिडिओवरही माझा विश्वास नव्हता. पैसे परत मागायचे असले की लोक पकडीने गळ मोडून मासा मोठा होता म्हणतात. तरी मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. एक जाडजूड माणूस होडीत उभा. मासा लागला. त्याने जोरात हिसका दिला, गळाने धरलं. मासा पळाला, गळाने धरलं. मग मासा दमला. माणूस नुसता काठी वाकवून स्थिर उभा राहिला आणि तेव्हा गळ तुटला.

जोर जास्त असताना टिकला आणि कमी झाल्यावर तुटला. खोटं दाखवणाऱ्याने हे असं दाखवलं नसतं.

मग मी टेस्ट बदलली. लोखंडी फ्रेमला दोन रांगा केल्या. एका रांगेत सीलबंद पाकिटातले गळ, दुसरीत ल्युअरवरून काढलेले. प्रत्येकाला वजन टांगलं. मशीनमध्ये आधीचे गळ जेवढ्या ओढीला टिकले होते त्यापेक्षा हे वजन बरंच कमी होतं. खाली टब ठेवले. वैशालीला म्हटलं, आता याला कोणी हात लावायचा नाही. लॅबची किल्ली मी माझ्याजवळ ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीलबंद पाकिटातले सगळे गळ जागेवर होते. ल्युअरवरचे बहुतेक गळ मोडून वजनांसकट टबात पडले होते.

हा आजार आमच्या धंद्यात ओळखीचा आहे. कडक स्टील ॲसिडमध्ये धुतलं किंवा त्याच्यावर विजेच्या टाकीत मुलामा चढवला, की हायड्रोजन वायू धातूच्या आत शिरतो. वरून काही दिसत नाही. झटकन ओढलं तर ताकदही पूर्ण दिसते. पण सतत ताण ठेवला तर आतल्या आत भेग सरकत जाते आणि काही वेळाने तुकडा पडतो. उपाय सोपा आहे. मुलामा दिल्यावर लगेच माल भट्टीत काही तास तापवायचा, म्हणजे वायू निघून जातो. मऊ पत्र्याला याची गरज नसते. कडक तारेला असते.

तुटलेली जागा मायक्रोस्कोपखाली पाहिली. साखरेच्या खड्यांसारखी दिसत होती. मग दोन्हीकडचा एकेक गळ आडवा कापून घासून पाहिला. सीलबंद पाकिटातल्या गळावर निकेलचा एक थर. ल्युअरवरच्या गळावर दोन. कोलकात्याहून निघाल्यानंतर आणि ल्युअरला लागायच्या आधी कोणीतरी पुन्हा प्लेटिंग केलं होतं.

मी सोनवण्यांना विचारलं, तुमच्याकडे प्लेटिंग होतं का? ते म्हणाले, नाही हो, आमच्याकडे फक्त लाकूड, रंग आणि पॅकिंग. दुसरा थर कसा आला हे मात्र त्यांना लगेच समजलं. संदीपने कुठूनतरी रिजेक्ट माल उचलला, चमकवून आणला आणि चांगल्या मालाच्या पाकिटात भरला. खरं सांगायचं तर हा तर्क चुकीचा वाटत नव्हता. माझ्याही मनात तोच आला होता.

"आज संध्याकाळीच बॅग भरायला सांगतो," ते म्हणाले.

"संध्याकाळी सांगा. मी दुपारी येते."

अंबडच्या शेडमध्ये बायका ल्युअरना डोळे रंगवत बसल्या होत्या. संदीप स्टोअरमध्ये उभा होता. दाढी वाढलेली, मोबाइल खिशात उलटा. बहुधा त्या नव्या मोबाइलकडे कोणाचं लक्ष जायला नको म्हणून. मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं की लोक उत्तरं देतात, आणि उत्तरं तपासायला माझ्याकडे मशीन नाही. मी फक्त म्हटलं, एक पाकीट घ्या आणि ते रोज जिथून जिथे जातं तसं माझ्यासमोर न्या. सोनवणेही बरोबर चालत होते. मेहुण्यावर नजर ठेवून.

स्टोअरमधलं पाकीट सीलबंद होतं. प्लास्टिकमधून आतले गळ मळकट करडे दिसत होते. संदीपने ते उचललं आणि थेट सोनवण्यांच्या केबिनमध्ये नेऊन टेबलावर ठेवलं.

"इथे का?" मी विचारलं.

"दाजींचा नियम हाये. गळ कपाटात कुलपात राहतात. किल्ली दाजींकडंच."

सोनवण्यांनी मान डोलावली. चोरी होऊ नये म्हणून, असं म्हणत खिशातली किल्ली काढूनही दाखवली. कपाटातून त्यांनी स्टीलचा डबा काढला. त्यातले गळ चकचकीत होते. माझ्या हातात टेबलावरचं मळकट पाकीट, त्यांच्या हातात चमकणारा डबा.

"मग हे असे कसे झाले?" मी विचारलं.

"आले तसे लावले तर मातकट दिसतात ना मॅडम. जुन्या गळांना चमक होती. गिऱ्हाईक म्हणेल स्वस्तातला माल लावला. म्हणून शेजारी पगारेंकडून एक डिप मारून आणतो. पाच मिनिटांचं काम आहे."

एवढं बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. मी मळकट पाकीट त्यांच्या डब्याशेजारी धरलं. मग त्यांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं.

संदीपनेच तोंड उघडलं. "दाजी, उघडं पाकीट माझ्या हातात कधी आलंच नाय की."

पगारे म्हणजे भिंतीपलीकडच्या प्लेटिंग शेडचे मालक. त्यांना बोलावलं. ते दरवाजांच्या कड्या आणि डब्यांची हँडल्स चमकवतात. सगळा मऊ माल, भट्टीची गरज नाही, म्हणून भट्टी नाहीच. ॲसिडमध्ये धुऊन निकेलचा पातळ हात दिला होता. "शेजारधर्म म्हणून करून दिलं हो," ते म्हणाले. "पैसे घेतले असते तर मी विचारलं तरी असतं, तार कसली आहे म्हणून." त्यांच्यात काही खोट नव्हती. सोनवण्यांनी मला प्लेटिंग होत नाही असं सांगितलं, तेव्हा तेही खोटं बोलत नव्हते. बिल नाही, गेटपास नाही, म्हणजे त्यांच्या डोक्यात ते काम झालंच नव्हतं. साडीला इस्त्री करावी तितकंच ते.

"आता भट्टीत टाकले तर वाचतील?" सोनवण्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

नाही. तापवायचं ते लगेच. आत भेग सुरू झाली असेल तर ती परत मिटत नाही, आणि कोणत्या गळात सुरू झालीय ते बाहेरून दिसत नाही. तयार ल्युअरवरचे सगळे गळ काढून भंगारात टाकायचे, आणि पाकिटातले मळकट गळ तसेच लावायचे. माशाला चमक बघायला वेळ नसतो. मी हेही सांगितलं की कोलकात्याच्या ट्रेडरचे गळ वजनाने, तारेने आणि ताकदीने अगदी योग्य आहेत. म्हणजे निवड बरोबर होती. हे वाक्य मी संदीपकडे बघून नाही, सोनवण्यांकडे बघून म्हटलं.

रिपोर्ट दोन दिवसांत तयार झाला. तो घ्यायला संदीप आला. लिफाफा घेतला, पण उठला नाही. म्हणाला, मॅडम, हे इंग्रजीत हाये. चांदवडला वडलांना आणि मनमाडच्या लोकांना वाचता येईल असं मराठीत लिहून द्याल का? गळ चांगला निवडला होता, एवढंच.

मी नाही म्हटलं. रिपोर्ट ज्याने काम दिलं त्याचा असतो. दुसऱ्या कोणाच्या नावाने किंवा दुसऱ्या कोणासाठी मी एक ओळही देत नाही. आज याच्यासाठी दिली तर उद्या कोणीही येऊन मागेल. तो "बरोबर हाये" म्हणाला आणि गेला. त्याला वाईट वाटलं असणार. नियम तो नियम.

संध्याकाळी सोनवणे स्वतः आले. बसले नाहीत.

"मराठीतली कॉपी माझ्या नावाने काढा," ते म्हणाले. "डिप मी मारून आणला, हे वाक्य त्यात पाहिजे."

"रिपोर्टात मी माणसांची नावं लिहीत नाही. प्रक्रिया लिहिते."

"मग खाली जागा सोडा. ते मी हाताने लिहितो."

मी जागा सोडली. त्यांनी माझ्याच टेबलावर उभ्याने लिहिलं, सही केली आणि कागद घेऊन स्वतःच्या गाडीने चांदवडला गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. नवे ल्युअर मळकट गळ लावून अमेरिकेला गेले आणि तक्रार आली नाही. संदीप अजून खरेदी बघतो. लग्न मनमाडच्या त्याच मुलीशी झालं. राहायला मात्र तो बहिणीचं घर सोडून सिडकोत वेगळा गेला. गळांच्या कपाटाची किल्ली आता त्याच्याकडे असते, आणि पाकीट फोडायच्या आधी तो दाजींना हाक मारून शेजारी उभं करतो. सोनवणेही येऊन उभे राहतात.

आमच्या सॅम्पल फॉर्मवर मी तेव्हापासून एक प्रश्न वाढवला आहे: या मालावर कोणी फुकटात काही केलं आहे का? बहुतेक क्लायंट फटकन "नाही" लिहितात. मग पेन हातात धरून थोडा वेळ तसेच बसतात.