पुनवेला भरती जोराची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, ज्याचं तोंड मोताळ्याच्या अख्ख्या बाजाराला पुरून उरतं, त्याच्या पोटात काही राहिलंच कसं? राहिलं. विहिरीत पडलेला रेडा मी एकट्यानं शेपटीला धरून वर ओढला, हे सांगून झालं. वाघानं मला पाहून वाट सोडली, हेही झालं. एवढं एकच राहिलं.

नवं राज्य झालं तेव्हा शाळेच्या भिंतीवर नवा नकाशा लागला. आमची शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी मी आणि शालिग्राम पाहायला गेलो. शालिग्राम म्हणजे महादू सुताराचा एकुलता एक मुलगा, माझा लंगोटीयार. नकाशाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत निळं पाणी होतं. त्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "हा आता आपला झाला काबे?"

मी म्हणालो, आपलाच. एवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण मी पुढे जोडून दिलं — मी तर पाहून आलोय.

पाहिला नव्हता. मलकापूर स्टेशनाच्या पलीकडे माझं पाऊल पडलं नव्हतं. एकदा आठ दिवस मी गावात नव्हतो खरा, पण ते धाड गावी मावशीकडे, मांडीला गळू झालं म्हणून पालथा पडून. ते आठ दिवस मी समुद्राला देऊन टाकले. लाट किती? कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या धुराड्याएवढी. मासा? बैलगाडीत मावणार नाही, शेपटी मागं लोंबत राहील. लोक हसायचे आणि विसरायचे. माझ्या गप्पांचं तसंच असतं — ऐकायच्या आणि झटकून उठायचं.

शालिग्राम झटकत नव्हता. तो विचारायचा. पाण्याला वास कसा येतो? होडीत माणूस बसतो कुठं? वल्हं केवढं असतं? मी दोन्ही हात पसरून दाखवलं — एवढं. त्यानं सुतळीनं माप घेतलं. माझ्या हातांचं!

पुढे बुलढाण्याला जंगल खात्यातले एक साहेब कोकणातून बदलून आले. त्यांनी सांगितलं, तिकडे समुद्राला लागून राखीव जंगल आहे, काठाकाठानं तीन दिवसांची पायवाट आहे आणि शेवटी खाडी; खाडीत दोघांपुरती अरुंद होडी मिळते, आपली आपण वल्हवायची. होडीवाल्याचा पत्ताही दिला. झालं. दिवाळीनंतर निघायचं ठरलं. महादूकाकांनी आठ दिवस मोकळे दिले, एकदाच — पुढे दुकान पोरावर टाकायचं होतं. शालिग्राम रंधा मारून झाला की भुशावर बोटानं वाट काढायचा: इथं पहिला मुक्काम, इथं भाकरी बांधून घ्यायच्या, इथं पाणी लागेल. चुकलं का, म्हणून माझ्याकडे बघायचा. मी जाणत्यासारखा एखादं वळण बदलायचो. सागाची दोन वल्हीही त्यानं तयार केली. कोकणात वल्ही नसतील काय? पण त्याला स्वतःची हवी होती.

मग होडीवाल्याचं कार्ड आलं, माझ्या नावावर. "अष्टमीच्या सुमारास यावे. तेव्हा भरती हलकी असते. पुनवेला भरती जोराची, तेव्हा येऊ नये. तिथी कळवावी, मी धक्क्यावर थांबतो."

चीनच्या लढाईनंतरचे दिवस ते. आमच्याकडे भरती म्हणजे एकच — छाती मोजतात, दात बघतात आणि मिल्ट्रीत घेतात. मी शालिग्रामला गंभीरपणे सांगितलं, तिकडे फौजेची भरती चालू आहे. पुनवेलाच काऊन, त्यानं विचारलं. मी म्हणालो, चांदण्यात उंची नीट मोजता येते. माझं डोकं अशा वेळी फार चालतं.

 तो म्हणाला, "घेतलं त घेतलं. पह्यले समुद्र त पाहू."

इथपर्यंत तुम्ही हसलात तरी चालेल. इथपर्यंत मी नुसता अडाणी होतो.

दोन दिवसांनी पुतण्याचं भूगोलाचं पुस्तक चाळताना एक चित्र दिसलं. वर चंद्र, खाली पाणी, आणि अक्षरं — भरती आणि ओहोटी. मी ते पान किती वेळा वाचलं असेल? पाणी रोज चढतं, रोज उतरतं. समुद्र पाहून आलेल्या माणसाला हे ठाऊक नाही? धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर होडीवाला हसणार. आणि शालिग्राम माझ्याकडे बघणार — भुशावरच्या वाटेवरून मान वर करून बघायचा, तसाच.

त्याच दुपारी शालिग्राम ऐनाचं लाकूड घ्यायला गेला होता. मी कार्ड घेऊन महादूकाकांकडे गेलो. पोराला जाऊ देऊ नका, असं मी म्हणालो नाही — तेवढा हुशार मी आहे. म्हटलं, काका, तुमच्या कानावर असावं, शालिग्राम तर म्हणतो घेतलं तर घेतलं. कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांना अक्षर अक्षर लावून वाचता येत होतं. काळं बोट एका शब्दावर थांबलं.

"भरती," ते म्हणाले. "हेच लेहेलं ना बापू?"

"हेच आहे, काका."

"एकच पोरगा हाय मले."

मी मान हलवली. त्या क्षणी मला सगळं माहीत होतं — चंद्र, पाणी, सगळं.

संध्याकाळी त्यांनी पोराला एकाच शब्दात नाही म्हटलं. माझं नाव घेतलं नाही. वर्षभरात काकांचं एक अंग लकव्यानं गेलं आणि शालिग्राम दुकानाला जो बांधला गेला तो कायमचा. होडीवाल्याला मी तिथी कळवली नाही. नाही येत, असंही कळवलं नाही.

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. एकट्यानं जाऊन येणं अवघड नव्हतं.

वल्ही शालिग्रामनं मोडली नाहीत. एक भिंतीला आहे. दुसऱ्यानं तो अंगणात वाळत घातलेली ज्वारी खालीवर करतो. परवा मी ओट्यावर बसलो होतो. तो वल्हं ज्वारीत खुपसून मागे ओढत होता, सावकाश, आणि दाणे दोन्ही बाजूंना उठून पुन्हा बसत होते. हात न थांबवता त्यानं विचारलं, "समुद्र असाच राह्यते काबे?"

मी म्हणालो, "हाव. असाच."