उजवी बाजू माझी होती

दसरा यंदा गुरुवारी आला. त्या दिवशी रात्री जेवायच्या सुमारास दिगंबर नाफडे सोनं द्यायला आमच्याकडे येणार होते. उत्तरेकडून डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला, त्यांच्या घरी, परतताना आमचं घर वाटेवर लागतं. सूनबाईने श्रीखंड बाहेर काढून ठेवलं होतं. साडेआठ वाजून गेले तसा मी वैतागलो, कारण नाफडे वेळ चुकवणारे नव्हते. पावणेनऊला फोन वाजला. पलीकडे त्यांच्या पत्नी, नीलिमावहिनी होत्या. म्हणाल्या, ‘‘हे गेले. रस्त्यातच, गाडीत.’’ त्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : ‘‘कोणी सांगितलं?’’ नागपूरच्या एका दैनिकात मी तीस वर्षं उपसंपादक होतो. बातमी आली की आधी सूत्र विचारायचं, ही हाडात मुरलेली सवय. वहिनींनी शांतपणे सांगितलं की तिकडच्या काउंटीच्या पोलिसांचा फोन होता. मग मी विचारलं, किती वाजता, कुठल्या रस्त्यावर... आणि त्या सांगत राहिल्या. हाताशी आलेल्या एका पाकिटावर मी ते सगळं लिहून घेतलं. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे. त्यावरचं अक्षर माझं नेहमीचंच आहे. जराही हललेलं नाही. हे कसं झालं, मला सांगता येत नाही.

नाफडे मूळचे अमरावतीचे. इंजिनिअर होऊन डेट्रॉइटला आले आणि निवृत्त होईपर्यंत एकच काम केलं, मोटारींचे ब्रेक. शेजारून जाणारी गाडी थांबली की आवाजावरून ते तिचा आजार सांगत. कोणी विचारलेलं नसलं तरी सांगत. पार्किंगमध्ये अनोळखी माणसाच्या काचेवर टकटक करून ‘‘तुमचे मागचे पॅड गेलेत’’ असं बजावताना मी त्यांना दोनदा पाहिलं आहे. मी निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलो तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. बासष्टाव्या वर्षी, मंदिराच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, त्यांनी मला शिकवली. ‘‘पाय आपटू नका, ठेवा,’’ एवढं एकच वाक्य ते तीन महिने म्हणत होते. मी उपसंपादक होतो हे पक्कं माहीत असूनही ते मला संपादक म्हणत, आणि चूक झाली की ‘‘संपादक, यावर उद्या खुलासा छापा’’ म्हणत.

मला परवाना मिळाला त्याच वर्षीपासून आम्ही दर ऑक्टोबरमध्ये उत्तरेला जाऊ लागलो. इथून चार तास. शेवटचा तासभर हायवे सोडून आतल्या रस्त्याने जायचं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका, मग झाडी, मग सफरचंदांच्या बागा. त्या पट्ट्यात फोनला रेंज नसते आणि हरणं असतात. शरदात ती भर दिवसाही रस्त्यावर उडी घेतात. त्यासाठी नाफड्यांनी एक शिस्त लावली होती. डावी बाजू चालवणाऱ्याची, उजवी शेजारच्याची. दर दोन-चार मिनिटांनी शेजारच्याने मोठ्याने म्हणायचं, ‘‘उजवी मोकळी.’’ चालवणाऱ्याने उत्तर द्यायचं, ‘‘डावी मोकळी.’’ त्या रस्त्यावर चाक ते माझ्या हाती देत नसत, त्यामुळे उजवी कायम माझी. पहिल्या वर्षी मला हे हास्यास्पद वाटलं. दोन माणसांत एक चिवड्याचा डबा, बाहेर पिवळं-तांबडं रान पेटलेलं, आणि आपण नाटकातल्या पहारेकऱ्यांसारखे ओरडतोय. मी गप्प राहिलो की ते वेग कमी करत, पार बैलगाडीइतका, आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी मी बोलेपर्यंत वाढवत नसत.

त्या गावाचं नाव देत नाही. चर्च, शाळा, एक पेट्रोल पंप आणि बागा एवढंच गाव. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिथे सुगीचा उत्सव भरतो. ट्रॅक्टरमागे गवताच्या गाठी रचलेली गाडी जोडून मुलांना फिरवतात, भोपळे वजन करून मांडतात, लाकडी दाबयंत्रात सफरचंदं पिळून रस काढतात. गार हवेत तो गढूळ रस कागदी पेल्यातून पिताना नाफडे दर वर्षी न चुकता म्हणत की उसाचा रस तो उसाचाच, आणि दर वर्षी तीन पेले पीत. सफरचंदाची साल सोलायची स्पर्धा असे. तुटू न देता ज्याची साल सर्वांत लांब, तो जिंकला. नाफडे एकदा दुसरे आले. माझी साल वीतभराच्या पुढे कधी गेली नाही. हे सगळं चालवणारी बागेची मालकीण लॉरा, साठीची, रबरी बुटांतली बाई, नाफड्यांना ‘मिस्टर डी’ म्हणायची.

नाफड्यांचं खरं काम मात्र बागेमागच्या अ‍ॅस्पेनच्या झाडीत असायचं. तिथली पानं त्या आठवड्यात सोन्यासारखी पिवळी होतात. ते फक्त खाली पडलेली वेचत, झाडाला हात लावत नसत, आणि स्टीलच्या मोठ्या डब्यात ओल्या फडक्याखाली रचत. तेच आमचं सोनं. आपट्याचं पान जोडपान असतं, हे तर गोल आहे, असं मी पहिल्या वर्षी निदर्शनास आणलं. ‘‘तुम्ही घेऊ नका मग, तुमचा हिस्सा लॉराला देतो,’’ म्हणाले, आणि खरंच दिला. तेव्हापासून लॉराच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर दर वर्षीचं एक पान टाचणीने लावलेलं आहे.

आता यंदाचं. इथे आमचे सण शनिवार-रविवारी सरकतात, तशी इथल्या मराठी मंडळाने दसऱ्याची सभा रविवारी ठेवली होती. लॉराचा उत्सव शनिवारी होता. मी नाफड्यांना फोनवर म्हणालो की गुरुवारी जायचं कारण काय, शनिवारी उत्सव करू, पानं वेचू, रविवारी वाटू. दोन छोट्या बातम्यांची एक करावी तशा मी दोन फेऱ्यांची एक केली. त्यांचं म्हणणं, दसरा गुरुवारी आहे आणि सोनं गुरुवारी द्यायचं असतं. शिवाय शुक्रवारी वारा सांगितलाय, सगळी पानं चिखलात जातील. मी म्हणालो, आठ तासांचा प्रवास एका डबाभर पानांसाठी मी करणार नाही. ते म्हणाले, ‘‘बरं संपादक, तुम्ही घरी बसा. सोनं घरपोच देतो.’’ आवाजात राग नव्हता. मी नीट आठवून पाहिलं आहे... नव्हता.

जे नक्की समजलं आहे ते एवढं. पावणेचारच्या सुमारास ते बागेतून निघाले. गावापासून सात मैलांवर त्यांची गाडी रस्त्याच्या कडेला उभी असलेली एका शेतकऱ्याने पाहिली. तो मक्याचा ट्रक घेऊन जात होता. परतताना, पाऊण तासाने, ती तशीच दिसली म्हणून तो उतरला. गाडीला ओरखडा नव्हता. हरणाचा संबंध नव्हता. ती पांढऱ्या रेषेच्या पूर्ण बाहेर, रेषेला समांतर होती. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चारही दिवे उघडझाप करत होते. नाफडे चाकामागे बसलेले होते. हृदय बंद पडलं होतं. पोलीस अधिकारी वहिनींना म्हणाला की इतकी व्यवस्थित उभी केलेली गाडी त्याने अशा प्रसंगी पाहिलेली नाही. फोन त्यांच्या मांडीवर होता. त्यावर तोच नंबर तीनदा लावलेला होता, आणीबाणीचा. एकदाही लागला नव्हता.

मंडळातल्या एका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञांना मी सरळ प्रश्न विचारला. शेजारी गाडी चालवू शकणारा माणूस असता तर? त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, सात मैल मागे गाव, गावात अँब्युलन्स... सांगता येत नाही. मी म्हणालो, ‘सांगता येत नाही’ हे उत्तर मी माझ्या वार्ताहरांकडून कधी घेतलं नाही. ते म्हणाले, ‘‘दुसरं नाहीये रे माझ्याकडे.’’

अंत्यसंस्काराला लॉरा चार तास गाडी चालवून आली. तिला बातमी रविवारी समजली होती. म्हणजे शनिवारी उत्सवात कोणालाच ठाऊक नव्हतं. गुरुवारी निघताना नाफड्यांनी तिच्या वहीत सालीच्या स्पर्धेसाठी दोन नावं लिहिली होती, एक स्वतःचं आणि खाली ‘एडिटर’. तिला सांगितलं होतं, शनिवारी आम्ही दोघं येतोय, तो रुसलाय पण येईल. शनिवारी तिने दोन्ही नावं पुकारली. कोणी आलं नाही म्हणून पुन्हा पुकारली. हे ती मला सांगत होती तेव्हा मी उभा होतो. त्यानंतर मी बसलेला होतो. मधलं मला आठवत नाही. शनिवारी पुन्हा जायचं त्यांनी ठरवलंच होतं, मला बोलले नव्हते एवढंच. माझ्या एका फेरीसाठी ते स्वतः दोन करणार होते.

डबा पोलिसांकडून गाडीबरोबर परत मिळाला. पानं काळी पडली होती. वहिनी म्हणाल्या, ही मी फेकणार नाही, ज्या झाडीतली आहेत तिथे ठेवून येऊ. मागच्या आठवड्यात मी त्यांना घेऊन गेलो. गाडी नाफड्यांचीच, चालवत मी होतो. वहिनी या रस्त्याला पूर्वी कधीच आल्या नव्हत्या, त्यांना प्रवासात मळमळतं. तीन तास आम्ही हवेवर, नातवंडांवर, विम्याच्या कागदांवर बोललो. हायवे सोडला. मका कापून झाला होता, झाडं उघडी पडली होती, दूरवरचं दिसत होतं. गाडी सापडली होती ती जागा जवळ येत होती. वहिनींच्या मांडीवर डबा होता. त्यांनी काचेकडे तोंड वळवलं, बराच वेळ बाहेर पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, ‘‘उजवी मोकळी.’’

मी वळून पाहिलं. ‘‘समोर बघा भाऊजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘किराणा आणायला निघालो तरी म्हणायला लावायचे मला.’’

इतक्या वर्षांत माझ्यावर चालवणाऱ्याचं वाक्य म्हणायची वेळ आली नव्हती. वेग आपोआप उतरत गेला... मागून कोणीतरी हॉर्न दिला. वहिनी वाट पाहत होत्या. मी डावीकडे पाहिलं, नीट, शेताच्या टोकापर्यंत, आणि मग म्हणालो.