मुंबईकडे तोंड केलेली अँटेना

नागपूरच्या लकडगंजात रुपराव वैरागडेंना सगळे 'मशीनवाले' म्हणत आणि म्हणताना थोडं हसत. तसे ते आरा मशीनवर देखरेखीला होते, त्यामुळे नाव काही खोटं नव्हतं. पण हसणाऱ्यांच्या मनात असायची ती त्यांच्या घरातली मशिनं. गल्लीत पहिला ट्रान्झिस्टर त्यांचा, पहिला रेकॉर्ड प्लेअर त्यांचा. टेपरेकॉर्डर आणला तेव्हा तर त्यांनी रविवारी दुपारी साऱ्या गल्लीला ओट्यावर बसवून सगळ्यांचे आवाज भरून घेतले आणि लगेच परत ऐकवले. निम्म्या बायकांनी 'हा आमचा आवाज नाहीच' म्हणून भांडण काढलं. रुपराव खूश! माणसाला त्याचाच आवाज ओळखू येत नाही, याची त्यांना फार गंमत वाटली होती.

या शौकाला एक कारण होतं आणि ते त्यांना कबूल नव्हतं. सागाचा ओंडका चिरताना आरा जो कर्कश ओरडतो, त्याच्याजवळ उभं राहून राहून त्यांचे कान निम्मे गेले होते. माणसांचं बोलणं त्यांना गोधडीतून आल्यासारखं यायचं. मशीनचं बरं असतं. कळ पिळली की आवाज वाढतो, आणि परत विचारावं लागलं तरी ते कपाळाला आठ्या घालत नाही. त्यांचा रेडिओ एवढ्या मोठ्यानं वाजे की शेजारच्या दोन घरांनी स्वतःचा रेडिओ घेतलाच नाही.

बायको जिजाबाई ओरडून बोलायची. ओरडलं की हे चिडायचे, "मी बहिरा आहे का वं?" घरात त्यांना नीट ऐकू जाईल असं एकच माणूस बोलायचं. त्यांची एकुलती एक मुलगी, गोपिका. ती ओरडायची नाही. समोर येऊन बसायची, बापाच्या डोळ्यांत बघायची आणि एकेक शब्द वेगळा, स्वच्छ, धुतलेल्या तांदळासारखा काढायची. कोणी शिकवलं नव्हतं, बापासाठी तिचं तिलाच जमलं होतं. पुढे याच बोलण्यावर तिने वक्तृत्वाची बक्षिसं आणली. मग मात्र रुपराव आऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला धरून सांगत, "आमची पोरगी बोलते नं, तं रेडिओ मागं पडते."

गोपिका बी. ए. झाली, मुंबईला बँकेत लागली आणि दीड-दोन वर्षांत तिकडेच श्रीधर नावाच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मुलगा चांगला होता, पण जातीचा नव्हता. बातमी आली तेव्हा घरात चार नातेवाईक बसले होते. रुपराव एरवी चिडके असले तरी मनाचे मऊ होते. एकटे असते तर कदाचित रात्रभर बडबडून गप्प झाले असते. पण चारचौघांत बापाला बाप म्हणून दिसावं लागतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून तिचा आवाज या घरात मले आयकू नाही आला पायजे. तिचं नावबी काढाचं नाही."

बोलले ते बोलले, वर करूनही दाखवलं. गोपिकाच्या आवाजाची एकुलती एक टेप होती, तिच्यावर त्याच दिवशी सिनेमाची गाणी भरली.

राग किती दिवस टिकतो? आठ दिवसांनी ते तीच टेप लावून, कान मशीनला चिकटवून बसलेले जिजाबाईने पाहिले. दोन गाण्यांच्या मधल्या फटीत गोपिकाचा अर्धा शब्द शिल्लक राहिला होता. "...णून तर," एवढाच. कशाच्या 'म्हणून तर' हे त्यांना आठवत नव्हतं. ते गाणं सरकवून पुन्हा मागे आणायचे, पुन्हा ऐकायचे. शेवटी फीत गुंतली आणि तीही गेली. जिजाबाईने गुंतलेली फीत गुंडाळून ठेवली. नाव काढायचं नाही असं ठरलं होतं.

मग एके दिवशी पलीकडच्या आळीतल्या इंदुताई मुंबईला जाऊन आल्या. त्यांचे यजमान वकील, घरात फोन, बोलायला बिनधास्त. त्या ओट्यावरूनच ओरडल्या, "अवो जिजाबाई, तुमची गोपिका बँकेतून सुटली की टीव्हीवर दिसते नं! आता अमुक कार्यक्रम पाहा, मंग तमुक कार्यक्रम पाहा, असं सांगते. मी आपल्या डोळ्यांनी पाह्यलं. काय गोड बोलते पोरगी!"

रुपराव आत पेपर वाचत होते. पेपर हलला नाही. इंदुताई निघाल्या तेव्हा मात्र ते चप्पल घालून त्यांच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "साडी कोणती होती जी अंगावर?"

"आता काळ्यापांढऱ्यात मले काय समजते रुपरावजी? हिरवी असन, नाहीतं लाल असन."

"तब्येत?"

"चांगली आहे. भरली आहे थोडी."

त्या दिवसापासून रुपराव टीव्हीची वाट पाहू लागले. नागपुरात टीव्ही नव्हताच. लोक वाट बघत ती क्रिकेटची आणि सिनेमांची. रुपरावांची वाट वेगळी होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती. टीव्हीत एक मोठी सोय होती. त्यात पोरगी घरात येणार, समोर बसणार, थेट डोळ्यांत बघून बोलणार, आणि तरीही बापाने बोलावलं असं होणार नाही. शब्दही मोडणार नाही. हवा तेवढा आवाज मोठा करून ऐकता येईल आणि तिला कळणारही नाही. असा स्वस्तातला समेट दुसऱ्या कुठल्या मशीनने करून दिला असता?

ब्याऐंशी साली नागपुरात टीव्ही येणार असं पेपरात छापून आलं. त्या दिवशी ते आऱ्यावरून लवकर घरी आले. सेट लागलीच नोंदवला. तो येण्याआधी निवडक सागाचं स्टँड करून घेतलं. त्याची उंची सुताराने विचारली तर हे पाटावर बसले आणि आपल्या डोळ्यांसमोर हात धरून म्हणाले, "इथं. तोंड इथं आलं पायजे."

"कोणाचं तोंड जी?" सुतार म्हणाला.

"टीव्हीचं गा! अजून कोणाचं?"

पहिल्या संध्याकाळी घरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अँटेनावाला गिरिधर वरून खाली, खालून वर करत होता. पडद्यावर मुंग्या मुंग्या झाल्या, मग आडव्या पट्ट्या, आणि मग एक बाई उमटली. पोरंटोरं ओरडली. रुपरावांनी आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळली आणि पुढे सरकले. बाई हिंदीत बोलत होती. ती हसली, नमस्कार केला आणि गेली. मग बातम्या, त्याही हिंदीत. सारी गल्ली डोळे फाडून पाहत होती. रुपराव थोडा वेळ बसले, मग गिरिधरला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले.

"मुंबई कोणत्या बटनावर लागते?"

"मुंबई नाही लागत काकाजी. हे दिल्लीचं आहे. आपल्या नागपूरले दिल्लीच दिसते."

"काहून? मुंबई तं जवळ आहे. आपली राजधानी आहे."

"असन जी. पण दिसते दिल्ली."

रुपरावांना हे पटेना. पटण्यासारखं तरी काय होतं! नागपूरकराला मुंबईकडून काही मिळत नाही हे जुनंच गाऱ्हाणं, पण पोरगीही दिसू नये? गिरिधरला समजत नसेल, असं त्यांनी ठरवलं. त्यांचा हिशोब सरळ होता. कान ज्या बाजूला कराल तिकडचं ऐकू येतं. अँटेनाचं तोंड इथल्या टीव्हीच्या टॉवरकडे आहे म्हणून टॉवरचं दिसतं. ते मुंबईकडे करा, मुंबई दिसेल. सूर्य मावळतो तिकडे मुंबई. दुसऱ्या दिवशी ते आऱ्यावरून आले आणि शिडी लावून गच्चीवर चढले.

पुढे हा नेमच झाला. संध्याकाळी ते वर, जिजाबाई खाली टीव्हीसमोर. ते दांडा थोडा फिरवणार आणि ओरडणार, "आलं का?" खालून ती ओरडणार, "नाही!" त्यांनी दांडा उंच केला, मग आणखी उंच केला, गिरिधरकडून बूस्टर आणला. चित्र दिवसेंदिवस बिघडतच गेलं. रविवारचा सिनेमा बघायला आलेली माणसं मुंग्या बघून परत जाऊ लागली. हळूहळू गल्लीत दुसरे टीव्ही आले आणि लोक तिकडे वळले. सगळ्या गच्च्यांवरच्या अँटेना एका बाजूला, आणि रुपरावांची एकटीची पाठ फिरवलेली. गिरिधर येता जाता हात जोडायचा, "काकाजी, जमिनीवरून एवढ्या दूरचं नाही येत हो." हे म्हणायचे, "येईन. हवा मोकळी पायजे."

मुंबई दिसत नाही हे एक वर्षानंतर त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. आरा सांभाळणारा माणूस, एवढा काही वेडा नव्हता. पण वर उभं राहून त्या दिशेला तोंड केलं की बरं वाटत असावं. घरात नाव काढता येत नव्हतं. गच्चीवर निदान दांडा धरता येत होता.

असंच एका संध्याकाळी, थंडी पडायला लागली होती, ते वर चढले. खाली आवाज जात नव्हता म्हणून मोठ्याने ओरडले, "आली का?"

जिजाबाई पडद्यासमोर होती. तिने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चित्र येतं तेव्हा माणूस 'आलं का' विचारतो. वर्षभर ते तसंच विचारत होते. समोरच्या ओट्यावर दोघीतिघी भाजी निवडत होत्या, त्यांचेही हात थांबले. वरून पुन्हा हाक आली, आता जरा घाईची, "अवं, आली का?"

जिजाबाई उठली. गुडघे दुखतात म्हणून ती कधी शिडी चढत नसे. ती चढली. रुपराव दांडा धरून उभे होते. तिला वर आलेली पाहून दचकले.

"नाही आली," ती त्यांच्या समोर जाऊन म्हणाली. "येणारबी नाही. गोपिकानं टीव्हीचं काम सोडलं. वर्ष झालं."

पाच वर्षांत पहिल्यांदा त्या घरात घरच्याच माणसाने ते नाव काढलं होतं.

"तुले कोणी सांगतलं?"

"तिनंच. इंदुताईकडे फोन येते तिचा, तुमी आऱ्यावर असता तेव्हा."

रुपराव दांड्याकडे बघत राहिले. "मंग वर्षभर मी इथं कोणाले शोधून राहिलो होतो? आन् तू खाली बसून नाही, नाही करून राहिली. मले काहून नाही सांगतलं?"

"नाव काढाचं नाही म्हणे कोणी?" जिजाबाई तडकली, आणि मग तिचा आवाज उतरला. "सांगतलं असतं तं तुमी खाली उतरून बसले असते. मंग कुठं पाह्यलं असतं तिच्याकडे? एवढं तं चालू होतं. मी म्हणलं, चालू द्या."

जिजाबाईला आता थांबवेना. "तिनं काहून सोडलं, माहीत आहे का? दिवस गेले होते तिले. घरचे म्हणत, सोड. गोपिका म्हणे, थांबा, नागपूरले टीव्ही येऊन राहिला आहे. आमचे बाबा पयले घेतीन. मले फोनवर म्हणे, आई, मी बोलतो नं, तं समोर बाबा बसले आहेत असं समजूनच बोलतो. ते काचेचं भिंग असते म्हणे, त्याच्यात पाहून. आन् मंग मीच सांगतलं तिले, की इथं दिल्ली दिसते. दुसऱ्या महिन्यात काम सोडून देल्लं."

म्हणजे एक तिकडून पाहत होती आणि एक इकडून पाहत होता, आणि दोघंही एकमेकांना दिसत नव्हती. रुपरावांनी दांडा सोडला. ते कठड्यावर टेकले. त्यांना किती ऐकू गेलं होतं आणि किती नव्हतं, हे जिजाबाईला कळेना. ती जवळ बसली.

"तिच्या घरी गेलो तं," ते म्हणाले, "दार उघडीन का थे?"

"मी काय सांगू जी? जाऊन पाहा लागीन. उद्या निघू."

त्यांनी मान हलवली. उठले, शिडीकडे गेले, दोन पायऱ्या उतरले आणि अर्धं अंग गच्चीवर असतानाच थांबले.

"नाव काय ठेवलं त्या पोराचं?"

"पोरगी आहे," जिजाबाई म्हणाली.

"काय म्हणतलं?"

"पोरगी झाली तिले. पोरगी."

रुपरावांनी पुन्हा 'काय?' विचारलं. तेव्हा ते रडत होते, आणि त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं हे जिजाबाईला कळलं. तरी तिने परत सांगितलं.