सुटलीस बाई

माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, पण त्यांतली सगळ्यात मोठी मी अतिशय सुंदर अक्षरात केली.

बारा वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं होतं. मी आवक-जावक विभागात. टपाल आलं की नोंदवायचं, गेलं की नोंदवायचं आणि मधल्या वेळात चहा तेवढा नोंद न करता प्यायचा. अक्षर बरं म्हणून साहेबांनी मला दाराशी टेबल टाकून फॉर्म भरायला बसवलं. आधी कर्मचारी झाले, मग त्यांच्या बायका, मग रस्त्यापलीकडचे दुकानदार. फॉर्मवर अठरा रकाने. सतरा मी ठणठणीत आवाजात विचारत होतो. अकरावा होता, 'मासिक पाळी : चालू / बंद. बंद असल्यास कोणत्या वयात?' हे परक्या बाईला चारचौघांत कसं विचारायचं? पहिल्या बाईच्या वेळी मी खोकलो. दुसरीच्या वेळी पेन झटकलं. तिसरीपासून पट्टी लावून त्या रकान्यात एक सुबक आडवी रेघ ओढू लागलो. सगळ्या बायकांना एकच रेघ. साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, "वा, काय टापटीप आहे!"

त्या रांगेत मायाताई होत्या.

मायाताई हे त्यांचं नाव नव्हे. कचेरीसमोरच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत त्या कपडे दुरुस्तीचं काम करायच्या. नवं काही शिवत नसत. "नव्याला कात्री लागते, जुन्याला डोकं लागतं," म्हणायच्या. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपीकामात माया म्हणतात. कपडा हातात आला की तो उलटा करून, शिवण चिमटीत धरून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "माया आहे का?" असली तर कपडा सैल होणार, नसली तर आहे तसा घाला. त्यावरून नाव पडलं. खोली एवढीशी, की मशीन, इस्त्रीचं टेबल आणि मायाताई यांच्यात गिऱ्हाईक आलं की कुणालातरी बाहेर जावं लागे. बहुधा टेबल जाई. भिंतीवर खिळ्यांना रिळं लावलेली. दिवे गेले तरी राखाडी कुठलं आणि करडं कुठलं ते त्या न चुकता सांगत.

माझ्या पँटी दर दोन वर्षांनी त्यांच्याकडे जात.

"भाऊ, पोट सुटलं बरं का तुमचं."

"खात्यापित्या घरचा माणूस आहे, ताई."

"घर खातंय, की तुम्ही एकटेच?"

तर त्या दिवशी त्या माझ्यासमोर बसल्या. वय चाळीस. सतरा प्रश्न झाले, एक रेघ झाली. शेवटी मी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" मागे रांग उभी, शेजारी आमचा शिपाई कान टवकारून. त्यांनी आवाज खाली आणला.

"अडतिसाव्या वर्षीच सुटले मी."

मी मान वर करून पाहिलं. अंगानं भरल्या होत्या खऱ्या. मी समजूतदारपणे हुंकार दिला आणि वजनाच्या रकान्यासमोर लिहिलं, 'स्थूलता, वय ३८ पासून.' त्या आठाला काय वळण आलं होतं म्हणून सांगू!

आता आपल्या भाषेत काय काय सुटतं बघा. शाळा सुटते, गाडी सुटते, गणित सुटतं, शिवण सुटते, पोट सुटतं, आणि माणूस कुणाच्या तरी तावडीतून सुटतो. पण पाळी गेली की बायका एकमेकींना 'सुटलीस' म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. घरात हे कधी बोललं गेलं असेल तर मी वर्तमानपत्राआड असणार.

मायाताईंच्या घरी मात्र ते मोठ्यानं बोललं गेलं होतं. ते त्यांनी मला फार पुढे सांगितलं. पाळी सहा महिने आली नाही तेव्हा त्या डॉक्टरकडे निघाल्या होत्या. नणंदेनं दारातच अडवलं.

"सुटलीस बाई वहिनी! मी सत्तेचाळिशीची झाले तरी भोगतेय अजून. आणि तू डॉक्टरकडे कशाला जातेस? सुटल्यावर कुणी औषध विचारतं का?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "नशीब काढलंस हो."

"मीही खूश झाले," मायाताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मशीनवर सलग बसता यायला लागलं." अंगातून वाफा निघत, पण दिवसभर इस्त्रीशेजारी बसणाऱ्या बाईच्या वाफा कोण बघतो? झोप उडाली, ती नवऱ्याच्या घोरण्याच्या नावावर गेली. कंबर वाढली, ती वयाच्या नावावर गेली.

शिबिरात त्यांची साखर किंचित वर निघाली. डॉक्टरांनी माझा कागद वाचून सांगितलं, वजन उतरवा, चाला. मायाताई चालल्या. कचेरीभोवती रोज सकाळी सहा फेऱ्या. आम्ही खिडकीतून मोजायचो आणि टाळ्या वाजवायचो. पोट तसूभर हललं नाही. तो कागद मात्र फायलीत पहिल्या पानावर जाऊन बसला. अक्षर वाचता येण्याजोगं, त्यामुळे प्रत्येक नवा डॉक्टर तोच आधी वाचायचा.

"अडतिसाव्यापासूनचं आहे हे?"

"हो, तेव्हाच सुटले."

"मग इतकी वर्षं काय केलंत?"

आणि मायाताई मान खाली घालायच्या. त्यांना वाटायचं, डॉक्टरांना सगळं माहीत आहे, कागदावर आहे की! डॉक्टरांना वाटायचं, बाई गोड खातात आणि कबूल करत नाहीत. दहा वर्षं दोन्ही बाजू एकच शब्द बोलत होत्या. साखर चढत गेली, तिच्यामागून रक्तदाब, मग चरबी. गोळ्या एकाच्या चार झाल्या.

मग एकदा माझी निळी पँट काळ्या दोऱ्यानं शिवून आली. पुढच्या खेपेला त्या सुई ओवत होत्या आणि दोरा सुईच्या शेजारून जात होता. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांनी तो दातांनी तोडला, जणू दोष दोऱ्याचाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रस्त्यावरून हाक मारली. "भाऊ, मोठ्या दवाखान्यात यायचं का? फाइल वाचून दाखवायला कुणी हवं. ह्यांची कारखान्यात सकाळची पाळी आहे."

कारखान्यातली पाळी मी कुणालाही मोठ्यानं विचारू शकतो. त्यांच्याबरोबर गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण, आमच्या साहेबांच्या मुलीएवढ्या. डोळ्यांचे कागद आधीच आले होते. साखरेनं डोळ्यांच्या पडद्यावर जागोजाग रक्त उतरलेलं. त्यांनी फायलीचं पहिलं पान उघडलं, माझी ती सुबक रेघ पाहिली आणि मायाताईंकडे वळून सरळ, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "पाळी कधी गेली तुमची?"

"लिहिलंय की तिथे. अडतिसाव्या वर्षी सुटले."

"ते वजनापुढे लिहिलंय."

"वजन कुठून? पाळीतून सुटले."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मी पंख्याकडे बघू लागलो. पंखा बंद होता.

"चाळिशीच्या आत गेली तर ते सुटणं नसतं, मावशी," त्या म्हणाल्या. "पाळी असेतोवर शरीराची एक राखण चालू असते, ती दहा-बारा वर्षं आधीच उठते. मग पोटावर चरबी धरते, साखर, रक्तदाब, हृदय, हाडं, सगळ्याला धोका वाढतो. प्रत्येकीचं बिघडतंच असं नाही. तुमचं फक्त यानंच बिघडलं, असंही मी म्हणणार नाही. पण तेव्हाच तपासण्या करून, गरज वाटली तर औषध देऊन लक्ष ठेवायचं असतं. कुणी विचारलं नाही तुम्हाला?"

"चाला म्हणाले सगळे."

"डोळ्यांचं काय?" मी मध्येच विचारलं. काहीतरी बोलणं भागच होतं.

"लेझर करू, इंजेक्शनं देऊ. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं येणार नाही."

मायाताईंनी तो कागद हातात घेतला, शिवण चाचपावी तसा कडेनं चाचपला आणि विचारलं, "म्हणजे माया नाही उरली?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं, कुणा नातेवाईक बाईंविषयी विचारताहेत. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या."

याला दोन वर्षं झाली. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि माणसाचा आकार कळतो. मूत्रपिंडही कुरकुरतंय म्हणतात. रिळांचा रंग शेजारच्या दुकानदाराला विचारावा लागतो आणि तो राखाडीला निळा म्हणतो. आता त्या बटणं लावतात, तुरपाई करतात, बोटांच्या अंदाजानं. मशीनवर कापड झाकून ठेवलंय. गिऱ्हाइकं येतात ती बहुतेक विचारपूस करायला. कपडे पलीकडच्या गल्लीत जातात. माझी पँटसुद्धा मागच्या महिन्यात तिकडे गेली, हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतो.

नणंद मधूनमधून येते. तिची पाळी बावन्नाव्या वर्षी गेली. अजून जिने धडाधडा चढते, साखर नाही, काही नाही. "मीच अडवलं गं तुला," म्हणून रडते, आणि मायाताई तिला रिळं लावायला बसवतात.

मी रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी जिन्याखाली जातो आणि दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. पाच पांढऱ्या, पाच काळ्या. अक्षरामुळे बोटांना सवय आहे. दोन वर्षं मी सुया ओवत होतो आणि एक वाक्य गिळत होतो.

परवा नववी सुई ओवताना ते बाहेर पडलंच.

"ताई, तो शिबिरातला कागद... ती रेघ मी तुम्हाला न विचारताच ओढली होती, आणि तुमचं सुटणं वजनापुढे लिहिलं होतं."

मायाताईंनी हातातलं बटण अंगठ्यानं फिरवलं, त्याची भोकं चाचपली. मग माझ्या आवाजाच्या अंदाजानं, पण माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे बघत म्हणाल्या,

"मला आता वाचता येत नाही भाऊ, सुटलात तुम्ही."