चोवीस तासांचं यंत्र

क्रेनवाल्याच्या बायकोला नवऱ्याच्या छातीपेक्षा त्याच्या तोंडाचा जास्त वैताग होता. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत तार नेऊन ठोक्यांत घोळ घालणाऱ्या जागा जाळल्या होत्या. तेवढ्यावर गडी असा मिरवायचा, जणू तार यानेच घातली. "मूळच जाळून टाकलंय," हे पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, दारात आलेल्या गॅसवाल्यालाही ऐकवून झालं होतं. दुखणं परत उद्भवू शकतं, तपासत राहा, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. ते याच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून निघून गेलं.

दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, माझ्याही छातीत फडफडतं. त्यावर हा हसला. दुखणं माझं आणि नक्कल तुझी, म्हणाला. लाँड्रीत आठ तास उभं राहून इस्त्री करणारी बाई दमणारच, हे त्याचं निदान. डॉक्टरपेक्षा याचंच डोकं मोठं.

यंदा मात्र याचीच छाती पुन्हा बिघडली. जिन्यात कठडा धरून थांबायचा आणि विचारलं की चप्पल घसरली म्हणायचा. त्यात कंपनीची वार्षिक तपासणी आली. चोवीस तास ठोके टिपणारं यंत्र छातीला लावून घरी पाठवतात. घोळ दिसला तर क्रेन बंद. माणसांच्या डोक्यावरून वीस-वीस टन लोखंड फिरवणाऱ्याला खरं म्हणजे आपण होऊन सांगायला हवं होतं. पण एवढी लाज कुणी कोळून प्यायली असेल तर काय बोलायचं? घरी येऊन त्याने यंत्र काढलं आणि जास्तीच्या चिकटपट्ट्या लावून बायकोच्या छातीवर चढवलं. तू ठणठणीत आहेस, तुझे ठोके सरळ येतील, म्हणाला. तिने मुकाट्याने लावून घेतलं. बायको आज्ञेत आहे, असं वाटून स्वारी खूश झाली.

आठवड्याने दोघं डॉक्टरांपुढे बसली. डॉक्टर म्हणाले, "परत आलंय. इतक्या वर्षांनी बऱ्याच जणांना येतं, त्यात कमीपणा नाही. पुन्हा जाळता येईल. तोवर क्रेनवर चढायचं नाही."

याचा चेहरा पडला. मग एकदम उजळला.

"डॉक्टर, हे ठोके माझे नाहीत. हिचे आहेत."

आणि तो चक्क हसला. बायकोचं हृदय बिघडलंय हे आत्ताच कळलं होतं आणि याला क्रेन वाचल्याचा आनंद झाला होता. सव्वीस वर्षांत तिने त्याचा हलकटपणा कमी पाहिला नव्हता, पण त्या हसण्याची तिला किळस आली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तिला विचारलं, कधीपासून होतंय.

"दोन वर्षं झाली. यांना सांगून पाहिलं. माझ्या छातीला हे यंत्र लागायचं तर असंच लागणार होतं, म्हणून लावून घेतलं."

डॉक्टरांनी आधी तिच्या तपासण्या लिहिल्या. मग नर्सला यंत्र पुन्हा आणायला सांगितलं. या वेळी पेशंट चोवीस तास इथेच, नजरेसमोर राहील. हा उद्याच्या ड्यूटीचं काहीतरी पुटपुटू लागला. तिने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"शर्ट काढा," ती म्हणाली. "माझे मोजून झालेत."