चाळीस ग्रॅम मूग

आमचे मामा एक घास बत्तीस वेळा चावायचे आणि तो आकडा बोटांच्या पेरांवर मोजायचे. त्यामुळे जेवताना त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. कोणी चुकून काही विचारलंच, तर डावा हात वर करून त्याला थांबवायचे, घास पुरा करायचे आणि मग उत्तर द्यायचे. तोवर विचारणारा उठून गेलेला असायचा. कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना शंभरीमामा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि मामांना तो मान वाटायचा.

मूळचे साताऱ्याकडचे. उभी हयात वाशीच्या बाजारात तोलणार म्हणून गेली. कांद्याबटाट्याच्या गोण्या काट्यावर चढवून वजन सांगायचं, हे काम. तेव्हा ते मिसळ खायचे, तंबाखू मळायचे, चारचौघांसारखे होते. निवृत्तीच्या वर्षी शेजारच्या काट्यावरचा त्यांचा दोस्त चहा पिता पिता गेला. सोळाव्या दिवशी मामांनी घरात जाहीर केलं, की आपण शंभर वर्षं जगणार. मामींनी विचारलं, मग आज आमटी करू की नको?

मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा या व्रताला दहा वर्षं होऊन गेली होती. पहाटे साडेचारला दुधीचा रस. आठला मोड आलेले मूग, चाळीस ग्रॅम. अकराला तव्यावरची भाकरी आणि बिनतेलाची भाजी. संध्याकाळी सहाला जेवण, कोणी पाहुणा आला असला तरी. मूग तोलायला त्यांनी छोटा काटा आणला होता. आयुष्यभर किलोभर इकडेतिकडे चालवून घेतलेला माणूस, पण मूग एक्केचाळीस ग्रॅम भरले तर जादाचे दाणे वेचून बाजूला काढायचा. ते दाणे मामी तोंडात टाकायच्या.

मामांचं आवडतं वाक्य होतं, "जीभ चार बोटांची. तिचं ऐकून सहा फुटांचा देह घालवायचा का?" मामा स्वतः पाच फूट दोन इंच होते. हे वाक्य ते खांदेश्वर स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीजवळ उभे राहून गिऱ्हाइकांना ऐकवायचे. एका वड्याने किती दिवस कमी होतात तेही सांगायचे. शेवटी गाडीवाला हात जोडून म्हणाला, "मामा, तुमी शंभर जगा. पण मला आजचा दिवस जगू द्या ना."

रस ताजाच हवा, म्हणून मामी चारला उठून दुधी किसायच्या. मुगाला मोड त्या आणायच्या, फडकं त्या धुवायच्या. मामा फेरफटक्याला गेले, की दुधीचा चोथा पिठात कालवून त्याचं थालीपीठ लावायच्या, भरपूर तेल सोडून. आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्याउभ्याच ते खायचो आणि मामांच्या बत्तीस वेळा चावण्याची नक्कल करून हसायचो. मला त्यात मोठी गंमत वाटायची. बाकी मामी कधी काय खातात, याकडे मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं, असंही वाटलं नाही.

मामांची पंचाहत्तरी सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. शाल, श्रीफळ, आणि मामांचं चाळीस मिनिटांचं भाषण. शेवटी समोरच्या खुर्चीतल्या एका बाईंनी विचारलं, वहिनीही हेच सगळं पाळतात का? मामा माइकवरच हसले. "तिला काहीही चालतं," म्हणाले. हॉल हसला. तिसऱ्या रांगेत मामीही हसल्या. मीही हसले.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी मामी ओट्यापाशीच चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी आधीचे रिपोर्ट मागितले. मामांनी पिशवीतून जाडजूड फाइल काढली, वर्षवार लावलेली. डॉक्टरांनी चार पानं उलटली.

"काका, ही तुमची आहे. यांची कुठे आहे?"

त्यांची नव्हती. रक्त अगदी कमी, साखर कधीपासून वाढलेली कोणालाच ठाऊक नाही, हृदय थकलेलं. डॉक्टरांनी विचारलं, या रोज काय खातात, किती वाजता? मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागले: चोथ्याचं थालीपीठ, चहात बुडवून शिळी भाकरी, दुपारी जे उरेल ते. सांगता सांगता माझा आवाज खाली गेला. चार वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी होते.

पुढचं सव्वा वर्ष मामा चारला उठले. मामींसाठी दुधी किसायचे, मूग तोलायचे. मामी पेला बाजूला सारायच्या. अखेरीअखेरीस डॉक्टर म्हणाले, आता त्यांना हवं ते द्या. मामा कॉटपाशी बसले आणि लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झाल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, तुला काय आवडतं? मामी म्हणाल्या, सुकट.

ज्या घरात इतकी वर्षं मासळीचा वास फिरकला नव्हता, त्या घरातला हा माणूस करावे गावात जाऊन एका आजीबाईंकडून पावशेर सुकट घेऊन आला. कशी भाजायची, तेही त्यांनाच विचारून आला. तरी करपवली. जिन्यातल्या दोघांनी दारं लावून घेतली. मामींना उशी देऊन बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं. अर्धी भाकरी त्यांनी सावकाश संपवली.

"जळलीय," त्या म्हणाल्या. "पन बसून खाल्लं की निराळंच लागतं, नाही का वो?"

पंधरवड्यात मामी गेल्या.

आता मामा ब्याऐंशीचे आहेत. माझं बिऱ्हाड आता वेगळं आहे. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले, तेव्हा मामा वर्षाच्या तपासण्यांचा कागद हातात धरून बसले होते. सगळं नॉर्मल आलं, म्हणाले. डॉक्टर म्हणतोय, तुम्हाला अजून वीस वर्षं काही होत नाही. कागद त्यांनी टेबलावर उलटा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मी म्हटलं, मामा, चांगलंच आहे की.

"वीस वर्षं," ते म्हणाले. "एकट्याला लई होतात गं."