त्याले काही म्हणू नको वं!

"त्याले काही म्हणू नको वं!" हे काकूंचं ठरलेलं वाक्य. पोराविरुद्ध कोणी अर्धा शब्द काढला की तळहात वर करून हे म्हणायच्या. पुढे बोलायची सोयच नाही.

लकडगंजात माझं फॉल-पिकोचं दुकान, वर काकूंचं घर. तुमच्याही ओळखीत असेल अशी एखादी बाई. नवरा लवकर गेला, दीर-नणंदा मार्गी लावल्या, एकुलत्या पोराला शिकवून पुण्याला पाठवलं, आणि मग जन्मभर त्याच्या फोनची वाट पाहिली. लोक याला त्याग म्हणतात. मी म्हणते, डोकं फिरलं होतं बाईचं.

नरखेडहून त्यांचा भाऊ संत्री पाठवायचा. चांगली निवडून पुण्याला पार्सल! डागी सोलत मला म्हणायच्या, "हेच गोड लागते." मी म्हटलं, "काकू, मला सांगता? तोंड पहा तुमचं!" तर हसल्या आणि अर्धं मला दिलं. आंबटढाण होतं.

आणि तो दिवटा! याच गल्लीत "मी खेळून राहिलो ना आई" म्हणून बोंबलायचा. पुण्याला गेला, तिथलीच बायको केली आणि जिभेला इस्त्री करून घेतली. दिवाळीला आला की आईलाच सुधारायचा, "'मले' नाही गं, 'मला' म्हण." त्याचंही काकूंना कौतुक. "कसा शुद्ध बोलते पाहा!"

मागच्या उन्हाळ्यात काकूंच्या छातीत कळ आली. मी गाडी बोलावली आणि पुण्याला फोन लावला. सुनेनं घेतला.

"वहिनी, काकू दवाखान्यात जाऊन राहिल्या!"

"अगंबाई, राहिल्या होत्या? आम्हाला कळवलंच नाही कोणी. आता कशा आहेत?"

"आता गाडीत बसून राहिल्या!"

"बसतायत ना? मग बरंय. ह्यांना सांगते हं."

फोन बंद. आता बोला! आमच्याकडे 'जाऊन राहिल्या' म्हणजे या घडीला निघाल्यात. तिनं धरलं, जाऊन, राहून, परतही आल्या. तिचं सोडा, ती परमुलखातली. पण तिनं तेच शब्द नवऱ्याला सांगितले, त्याला तरी कळायला नको? छे! साहेबांचा मेसेज आला, 'आईला बरं वाटतंय हे ऐकून आनंद झाला.' खाली जोडलेले हात. मी फोनवर फोन केले. साहेब मीटिंगमध्ये!

काकू दाराकडे डोळे लावून. नर्सला सांगत होत्या, "माहा पोरगा येऊन राहिला." असा संताप आला मला, आणि रडूही. 'नाही येत तो' हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात माझा हात धरून म्हणाल्या, "उपाशीच येईन तो. जेवू घालजो वं त्याले."

संध्याकाळी गेल्या.

तो दुसऱ्या दिवशी विमानानं आला. येईल त्याला रडत सांगत होता, "मला कोणी नीट कळवलंच नाही." आणि पाहत होता माझ्याकडे! चार लोकांत त्याची अशी हजामत करणार होते, की बस.

पण घाटावरून आल्यावर कडू घास शेजाऱ्यांनीच द्यायचा असतो. पिठलं-भाकर मीच केली होती. तोंडात आलेलं सगळं गिळलं आणि ताट वाढलं. मान खाली घालून जेवला. मग ताट पुढे करून म्हणाला, "अजून एक भाकरी मिळेल?"

दिली. बाईनं सांगून ठेवलं होतं, काय करता!